ऊनेच्या काठाकाठानं

मंडळी, आज मी तुम्हाला एका नदीच्या उगमापासून संगमापर्यंत घेऊन जाणार आहे. नदीचं नाव ऊना. लांबी साधारण २१२ किलोमीटर, म्हणजे फार मोठी नाही. क्रोएशियात उगम पावते, बोस्नियात शिरते, पुढे बराच काळ या दोन देशांची सीमा होऊन वाहते आणि सावा नदीला मिळते. पाणी हिरवंगार. चुनखडीच्या पायऱ्यांवरून उड्या मारत येते तेव्हा पाहणारा बोलायचं विसरतो. मी विसरलो होतो.

इथे बसलेल्यांपैकी ज्यांचे केस माझ्यासारखे पांढरे झालेत, त्यांना युगोस्लाव्हिया हा देश आठवत असेल. शाळेच्या पुस्तकात नेहरू आणि नासेर यांच्याबरोबर मार्शल टिटो असायचे. १९६१ ची बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची परिषद परीक्षेत हमखास यायची. सहा प्रजासत्ताकं, सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मुस्लिम, मॅसिडोनियन, माँटेनेग्रिन, अल्बेनियन, हंगेरियन, असे सगळे मिळून एक समाजवादी देश. ‘ब्रात्स्त्वो इ येदिन्स्त्वो’, बंधुता आणि एकता, ही त्याची घोषणा. याच नावाचा महामार्ग त्यांनी बांधला होता. १९९१ पासून तो देश फुटत गेला आणि तेव्हा जे घडलं ते आपण दूरदर्शनच्या बातम्यांत पाहिलं. तेव्हा आपल्याला सांगितलं गेलं की या लोकांची वैरं शतकानुशतकांची आहेत, त्यांना जुनं काही विसरताच येत नाही. मला आज याच्या नेमकं उलट सांगायचं आहे. त्यांना आठवू दिलं गेलं नव्हतं. मेलेल्यांची नावं घेऊ दिली नव्हती. नावाच्या जागी आकडा ठेवला गेला आणि त्या आकड्यानं पुढे काय केलं, ते या नदीच्या काठाकाठानं पाहू.

थोडी पार्श्वभूमी, अगदी थोडी. ६ एप्रिल १९४१ ला जर्मनीनं बेलग्रेडवर बाँब टाकले. चारच दिवसांत, १० एप्रिलला, झाग्रेबमध्ये ‘स्वतंत्र क्रोएशिया राज्य’ जाहीर झालं. नाव स्वतंत्र, पण उभं होतं हिटलर आणि मुसोलिनीच्या आधारानं. सत्ता आन्ते पावेलिचच्या उस्ताशा संघटनेकडे. आजचा बोस्नियाही त्यातच होता. सर्ब, ज्यू आणि रोमा (जिप्सी) लोकांना या राज्यात जागा नव्हती. समोर दोन सशस्त्र गट उभे राहिले: राजनिष्ठ सर्बांचे चेतनिक आणि टिटोंच्या कम्युनिस्ट नेतृत्वाखालचे पार्टिझान. चेतनिकांनी पूर्व बोस्नियात फोचाच्या आसपास मुस्लिमांच्या कत्तली केल्या. युद्ध पार्टिझानांनी जिंकलं, आणि इतिहासही मग त्यांनीच लिहिला.

आता नदीकडे येऊ.

ऊना जिथे उगम पावते त्याच्या जवळचं गाव स्र्ब. २७ जुलै १९४१ ला या भागातले सर्ब शेतकरी उस्ताशांविरुद्ध उठले. त्याआधीचे आठवडे उस्ताशांनी त्यांची गावं जाळली होती, माणसं मारली होती. टिटोंच्या राजवटीत हा दिवस क्रोएशियातल्या जनउठावाचा दिवस म्हणून साजरा होई, सुटी असे. वान्या रादाउश या शिल्पकारानं १९५१ साली तिथे स्मारक केलं. पण त्याच दिवसांत द्रवारकडे परतणाऱ्या कॅथलिक, म्हणजे क्रोएट, यात्रेकरूंना आगगाडीतून उतरवून, त्यांच्या पाद्रीसकट, मारून एका विवरात टाकलं गेलं. बोरिचेवाच नावाचं क्रोएट गाव जळालं. हे त्या स्मारकावर नव्हतं, शाळेतही नव्हतं. १९९५ च्या युद्धात स्मारक उद्ध्वस्त झालं, २०१० साली पुन्हा उभं राहिलं. तेव्हापासून २७ जुलैला तिथे दोन जमाव येतात. एक म्हणतो, इथे फॅसिझमविरुद्धचा लढा सुरू झाला. दुसरा म्हणतो, इथे आमच्या निरपराध माणसांचा खून झाला. मध्ये पोलिसांची रांग. यातला मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग हा, की दोन्ही जमाव खरं बोलतात.

पुढे नदी येते कुलेन वाकुफला. वाकुफ म्हणजे आपला वक्फ, ऑटोमन काळातलं दान. मुस्लिम वस्तीचं छोटं गाव, भोवती सर्बांची खेडी. पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजारात मीठ-धान्य घेणारी माणसं. १९४१ च्या उन्हाळ्यात इथल्या उस्ताशा तुकड्यांत काही स्थानिक मुस्लिम आणि क्रोएट सामील झाले आणि त्यांनी आजूबाजूचे सर्ब मारले, कित्येकांना विवरांत ढकललं. चुनखडीच्या या प्रदेशात जमिनीत खोल सरळ विवरं असतात. तिथले लोक त्यांना ‘यामा’ म्हणतात. हा शब्द त्या भागात आजही कुणी सहज उच्चारत नाही.

सप्टेंबर १९४१ च्या पहिल्या आठवड्यात सर्ब बंडखोरांनी कुलेन वाकुफवर चाल केली. लोक बायकामुलांसह बिहाचच्या दिशेनं पळाले. वाटेत गाठून त्यांना मारलं गेलं. काही दिवसांत सुमारे २,००० माणसं गेली, आणि त्यांत लढणारे थोडे होते. काही बंडखोर कम्युनिस्टांनी हे थांबवायचा प्रयत्न केला, काही जण वाचलेही. पण सूड एकदा रस्त्याला लागला की त्याला कोण अडवणार?

युद्ध संपलं. मारणाऱ्या बंडखोरांपैकी अनेकजण तोवर पार्टिझान झाले होते, विजयी सैन्यात होते. मग या २,००० माणसांना काय म्हणायचं? युगोस्लाव्हियाच्या सरकारी भाषेत मेलेल्यांचे तीन कप्पे होते: शहीद लढवय्ये, ‘फॅसिस्ट दहशतीचे बळी’ आणि देशद्रोही. गावोगावच्या स्मारकांवर हेच शब्द कोरलेले असत. कुलेन वाकुफच्या बाईला किंवा तिच्या तान्ह्या मुलाला यातल्या कोणत्या कप्प्यात घालणार? कोणत्याच नाही. म्हणून त्यांचं स्मारक झालं नाही. वाचलेली माणसं गावात परतली, शेजारच्या खेड्यातल्या ज्या माणसानं आपल्या भावाला मारलं हे त्यांना ठाऊक होतं, त्याच्याबरोबर सहकारी संस्थेच्या बैठकीला बसू लागली आणि गप्प राहिली. पन्नास वर्षं. शांतता दिसत होती, पण त्या घरांत रात्री काय बोललं जात असेल, याचा आपण फक्त विचार करू शकतो.

बिहाच मी भरभर ओलांडतो. नोव्हेंबर १९४२ मध्ये पार्टिझानांच्या परिषदेचं पहिलं अधिवेशन इथे भरलं, म्हणजे नव्या युगोस्लाव्हियाची पायाभरणीच म्हणायची. १९९२ ते ९५ याच गावाला वेढा पडला होता.

त्यापुढे ऊनेला साना नावाची नदी येऊन मिळते. सानेच्या काठावर प्रियेदोर. जवळ कोझारा डोंगर. ही जागा मी रेंगाळून सांगणार आहे.

१९४२ च्या जून-जुलैत जर्मन आणि उस्ताशा सैन्यानं कोझाराला वेढा घातला. डोंगरात पार्टिझान होते, आणि त्यांच्यामागे पळून गेलेली हजारो सर्ब कुटुंबं. वेढा आवळला तेव्हा लढणारे मेले, आणि कुटुंबांना हाकत छावण्यांत नेलं. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, आणि नंतर मुलं आयांपासून वेगळी. १९७२ साली कोझारावर दुशान जामोन्या या शिल्पकारानं भव्य स्मारक उभं केलं. काँक्रीटच्या उभ्या खांबांचा मनोरा, पाहणाऱ्याला आत शिरावंसं वाटेल अशा अरुंद फटी. तिथे जवळजवळ १०,००० नावं आहेत, पण ती लढवय्यांची. डोंगरावरून हाकत नेलेल्या बायकामुलांची नाहीत.

इथे मला एका बाईविषयी सांगायचंय. दियाना बुदिसाव्ल्येविच. जन्म १८९१, इन्सब्रुकची, म्हणजे ऑस्ट्रियन. नवरा झाग्रेबमध्ये सर्जन, सर्ब. १९४१ च्या शरद ऋतूत तिला कळलं की छावण्यांत बायकामुलं आहेत आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. तिनं ओळखीपाळखीनं कपडे, औषधं, दूध गोळा करायला सुरुवात केली. कोझाराच्या वेढ्यानंतर, जुलै १९४२ मध्ये, ती रेडक्रॉसच्या परिचारिकेचा पोशाख चढवून स्तारा ग्रादिश्काच्या छावणीत शिरली आणि मुलं बाहेर काढू लागली. जर्मन भाषा मातृभाषा असल्याचा तिनं पुरेपूर उपयोग केला. काही मुलं आगगाडीतच दगावली. जी झाग्रेबला पोचली त्यांना अनाथालयांत, कुटुंबांत, खेड्यांत ठेवलं गेलं. तिच्या आणि तिच्या सोबत्यांच्या कामामुळे १०,००० हून अधिक मुलं जगली.

आणि या बाईनं आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक मुलाचं कार्ड केलं. नाव माहीत असेल तर नाव, नाहीतर खुणा, कुठून आलं, कुठे ठेवलं. कारण तिला पक्कं ठाऊक होतं की युद्ध कधीतरी संपेल आणि एखादी आई मुलाला शोधत येईल. रात्र-रात्र जागून तिनं ही कार्डं लिहिली. हजारो कार्डं. मे १९४५ मध्ये, नवी राजवट आल्या-आल्या, अधिकारी आले आणि ती सगळी कार्डं घेऊन गेले. तिला ती पुन्हा कधी मिळाली नाहीत. ती ना पार्टिझान होती, ना कम्युनिस्ट. मुलांच्या सुटकेचं श्रेय दुसऱ्यांच्या नावे जमा झालं. तिनं त्यावर कधी आवाज उठवला नाही. १९७८ साली ती वारली, आणि तिची दैनंदिनी २००३ मध्ये छापून आली तेव्हा झाग्रेबच्या लोकांना कळलं की आपल्या गल्लीत कोण राहत होतं.

या कार्डांची आठवण झाली की माझा गळा दाटतो. पन्नास वर्षांत एवढी भाषणं झाली, एवढं काँक्रीट ओतलं गेलं, आणि मुलांची नावं असलेला तो कार्डांचा साठा मात्र काढून घेतला गेला.

आता त्याच प्रियेदोरचं १९९२. सर्ब पक्षानं शहराची सत्ता बळकावली. स्थानिक वर्तमानपत्रात, रेडिओवर रोज कोझाराची आठवण काढली जाऊ लागली. उस्ताशा परत येतायत, १९४२ पुन्हा होणार, या वेळी आपण मेंढरांसारखे जायचं नाही. ज्या माणसाच्या आजीला खरोखरच छावणीत नेलं होतं, त्याला हे सांगितलं जात होतं, हे लक्षात घ्या. त्याचं दुःख खरं होतं. त्या दुःखाला कधी स्वतःचं नाव मिळालं नव्हतं, म्हणून ते कुणालाही वापरता आलं. ३१ मे १९९२ ला बिगर-सर्बांनी घरांवर पांढरी कापडं लावावीत आणि दंडावर पांढऱ्या पट्ट्या बांधाव्यात असा हुकूम निघाला. ओमार्स्काची लोखंडाची खाण, केरातेर्म हा चिनी मातीच्या वस्तूंचा कारखाना, त्र्नोपोल्येची शाळा, या ठिकाणी छावण्या झाल्या. प्रियेदोरमध्ये ३,००० हून अधिक माणसं मारली गेली, बहुतेक बोस्नियाक मुस्लिम, काही क्रोएट. त्यांत १०२ मुलं. २०१३ साली तोमाशिचा इथे जमिनीखाली एक प्रचंड सामूहिक कबर सापडली. ओमार्स्काची खाण पुन्हा सुरू झाली. तिथे स्मारक करण्याची घोषणा २००५ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी बारगळली. मुलांच्या आईबापांनी शहरात त्या १०२ मुलांसाठी स्मारक मागितलं. वर्षानुवर्षं ते परवानगी मागत राहिले. दरवर्षी ३१ मे ला ते दंडाला पांढरी पट्टी बांधून, हातात पांढरी गुलाबं घेऊन, मुलांची नावं घेत रस्त्यानं चालतात.

म्हणजे एकाच डोंगराच्या पायथ्याशी, पन्नास वर्षांच्या अंतरानं, दोन वेळा मुलं मारली गेली, आणि दोन्ही वेळा नावांची अडचण झाली.

एक चिठ्ठी आलीय. ‘मग खरा आकडा किती, ते आधी सांगा.’ सांगतो. त्यासाठी संगमावर जावं लागेल.

ऊना जिथे सावेला मिळते तिथे यासेनोवाच. उच्चार करताना शेवटचा च ‘चूल’मधला, ‘चहा’मधला नव्हे. आपल्या भाषेत तो आहे, म्हणून आपण हे नाव बरोबर म्हणू शकतो. ऑगस्ट १९४१ ते एप्रिल १९४५ इथे उस्ताशांची सगळ्यात मोठी छावणी होती. जर्मनांनी चालवलेली नव्हे, उस्ताशांनी स्वतः उभारलेली आणि चालवलेली. गॅस चेंबर नव्हते. सुरे, हातोडे, कुऱ्हाडी. यापेक्षा जास्त वर्णन मी करणार नाही. २२ एप्रिल १९४५ ला शेवटच्या सुमारे ६०० पुरुष कैद्यांनी दार फोडून पळायचा प्रयत्न केला, शंभरही वाचले नाहीत. उस्ताशांनी जाताना सगळं जाळलं, उरलेल्या विटा लोकांनी घरं बांधायला नेल्या. १९६६ साली वास्तुकार बोग्दान बोग्दानोविच यांनी त्या मोकळ्या मैदानात काँक्रीटचं एक प्रचंड फूल उभं केलं. पायवाट रेल्वेच्या स्लीपरची. त्यावरून चालताना पाऊल नीट पडत नाही, अंतर चुकतं, मान खाली घालून चालावं लागतं. जिथे बराकी होत्या तिथे जमिनीवर उंचवटे आणि खळगे आहेत, त्यांवर गवत.

आता आकडा. युद्धानंतर नुकसानभरपाई मागताना युगोस्लाव्हियानं सांगितलं, आमची १७ लाख माणसं गेली. हा आकडा आला कुठून? सांख्यिकी खात्यात काम करणाऱ्या व्लादेता वुच्कोविच या गणिताच्या विद्यार्थ्याला घाईनं हिशेब करायला सांगितलं होतं. त्यानं काढला तो लोकसंख्येचा एकूण तोटा. म्हणजे युद्ध झालं नसतं तर किती माणसं असती, आणि आता किती आहेत, यांतला फरक. त्यात मेलेले आले, देश सोडून गेलेले आले, आणि युद्धामुळे जी मुलं जन्मलीच नाहीत तीही आली. राजकारण्यांनी तो उचलला आणि म्हणाले, एवढे मारले गेले. एकदा १७ लाख म्हटल्यावर ते कुठेतरी दाखवायला हवेत. त्यामुळे एकट्या यासेनोवाचच्या नावे ७ लाख लागले. शाळेच्या पुस्तकात तेच छापलं.

१९६४ साली सरकारनं पश्चिम जर्मनीकडून भरपाई मागण्यासाठी घरोघर जाऊन गणना केली. फॅसिस्टांचे बळी, नावानिशी. यादीत नावं किती आली? ५,९७,३२३. यासेनोवाचच्या नावे ६०,००० च्या आत. यादी अपुरी होती हे खरं. पण सरकारनं तिला अपुरी म्हणून पुरी केली नाही. बंद कपाटात ठेवून दिली, जवळजवळ पंचवीस वर्षं. विचार करा, घरच्या माणसांनी दिलेली सगळ्या देशाची जवळपास सहा लाख नावं कुलूपबंद, आणि सभेत एकट्या यासेनोवाचच्या ७ लाखांची घोषणा!

पुढे ऐंशीच्या दशकात दोघांनी स्वतंत्रपणे हिशेब केला. परदेशात राहणारा एक सर्ब, बोगोल्युब कोचोविच, आणि एक क्रोएट, व्लादिमिर झेर्याविच. पहिल्याचा आकडा १०,१४,०००, दुसऱ्याचा १०,२७,०००. दोन्ही समाजांतले, एकमेकांपासून दूर बसून, जवळजवळ एकाच ठिकाणी आले. यासेनोवाचच्या स्मारक-संस्थेनं नंतर नावांची यादी करायला घेतली. आज तिच्यात ८३,१४५ नावं आहेत: ४७,६२७ सर्ब, १६,१७३ रोमा, १३,११६ ज्यू, ४,२५५ क्रोएट आणि इतर. चौदा वर्षांखालची मुलं २०,१०१. प्रत्येकापुढे वडिलांचं नाव, जन्मसाल, गाव. आपल्यासारखंच, मध्ये बापाचं नाव. यादी अजून उघडी आहे, नवं नाव आलं तर भर पडते. चिठ्ठी पाठवणाऱ्यांना माझं उत्तर असं, की ८३,१४५ हा शेवटचा आकडा नव्हे. पण तो माणसांचा बनलेला आहे. ७ लाख हा आकडा माणसांचा बनलेला नाही.

आणि कुणी असं समजू नये की फुगवणं हे एकाच बाजूचं पाप आणि कमी करणं दुसऱ्याचं. सर्बियातल्या क्रागुयेवाचमध्ये जर्मनांनी ऑक्टोबर १९४१ ला शाळकरी मुलांसह २,८०० च्या आसपास माणसं गोळ्या घालून मारली. त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता, तरी दशकानुदशकं ७,००० सांगितलं गेलं. जणू २,८०० कमी होते.

फुगवलेल्या आकड्याचं खरं नुकसान पुढे होतं. तो एकदा खोटा ठरला की शेजारी म्हणतो, मग सगळंच खोटं. क्रोएशियात हेच झालं. ७ लाख नव्हते ना, मग ती साधी श्रमछावणी होती, असं म्हणणारे उभे राहिले. फ्रान्यो तुजमान १९८९ साली आपल्या पुस्तकात आकडा कमी करत गेले, पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९९६ मध्ये त्यांनी सुचवलं की यासेनोवाचमध्ये बळींबरोबर उस्ताशांचीही हाडं पुरावीत, म्हणजे राष्ट्रात समेट होईल. खुद्द छावणीच्या जमिनीत, मारणाऱ्यांची हाडं! कडाडून विरोध झाला, ते झालं नाही. २०१६ च्या शेवटी यासेनोवाच गावात उस्ताशांची घोषणा कोरलेली एक पाटी लागली. ज्यू, सर्ब आणि फॅसिझमविरोधी संघटनांनी सरकारी स्मृतिदिनावर बहिष्कार टाकला. पाटी काढून शेजारच्या गावात नेली गेली, आणि तिथेही ती पाटीच राहिली. जुलै २०२२ मध्ये सर्बियाचे अध्यक्ष वुचिच यांना यासेनोवाचला यायचं होतं, क्रोएशियानं येऊ दिलं नाही.

नदीच्या पलीकडे दोन्या ग्रादिना, बोस्नियातल्या सर्ब प्रजासत्ताकाच्या हद्दीत. बहुतेकांना मारायला तिथेच नेत असत. तिथे फलक आहे: ७ लाख बळी, त्यांतले ५ लाख सर्ब. इकडे यादीत ८३,१४५ नावं, पलीकडे फलकावर ७ लाख. नदी ओलांडायला दोन मिनिटं लागतात आणि सहा लाख माणसांचा फरक पडतो. दोन्ही ठिकाणी शाळेच्या सहली येतात.

इकडच्या संग्रहालयाबद्दलही मला सांगायला हवं. १९९१ च्या युद्धात त्याची मोडतोड झाली, वस्तू उचलून सर्ब हद्दीत नेल्या गेल्या आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या मध्यस्थीनं २००१ मध्ये परत आल्या. हा सगळा पश्चिम स्लाव्होनियाचा टापू १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेकडे होता, आणि तिचे पहिले सेनापती होते आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. २००६ ला नवं प्रदर्शन उघडलं. छतापासून काचेच्या पट्ट्या टांगलेल्या, त्यांवर नावं. मान वर करून वाचावी लागतात, थोड्या वेळानं मान दुखते, तरी माणूस वाचत राहतो. मी वाचत राहिलो. पण टीका झाली, आणि ती मला पटते: इथे मेलेल्यांची नावं दिसतात, मारणाऱ्यांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. कुणी मारलं, कोणत्या राज्यानं, कोणत्या कायद्यानं, हे सांगितल्याशिवाय नुसती नावं टांगली तर मरण नैसर्गिक वाटू लागतं.

पार्टिझानांच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर मी त्यांचाच कित्ता गिरवला असं होईल. मे १९४५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ब्लायबुर्गजवळ ब्रिटिशांनी शरण आलेलं उस्ताशा आणि क्रोएट सैन्य, सोबतचे नागरिक, पार्टिझानांच्या हवाली केले. जर्मनांच्या बाजूनं लढलेल्या स्लोव्हेन होमगार्डनाही परत पाठवलं. चौकशी नाही, खटला नाही, हजारोंनी मारलं. त्यांत खुनी होते आणि ज्यांनी कधी बंदूक चालवली नव्हती असेही होते. ४५ वर्षं हे उच्चारायची बंदी. २००९ साली स्लोव्हेनियात हुदा यामाच्या जुन्या खाणीत एकामागून एक भिंती फोडून आत गेले तेव्हा हजाराहून जास्त मृतदेहांचे अवशेष मिळाले. स्लोव्हेनियात अशा लपवलेल्या ६०० हून अधिक जागा नोंदल्या गेल्यात. बंदी होती म्हणून परदेशातल्या क्रोएटांनी हाही आकडा लाखांवर लाख चढवला.

हर्ट्सगोविनातल्या प्रेबिलोव्त्सीचं तर कसं सांगू? १९४१ च्या ऑगस्टमध्ये उस्ताशांनी त्या सर्ब गावातल्या बायकामुलांना शुर्मान्चीच्या विवरात टाकलं. १९६१ ला सरकारनं त्या विवराचं तोंड काँक्रीटनं बंद केलं. बंधुता आणि एकता टिकावी म्हणून! १९९० च्या सुमारास काँक्रीट फोडलं, हाडं वर काढली, शवपेट्यांची मिरवणूक निघाली, टीव्हीवर दाखवली, ऑगस्ट १९९१ ला गावच्या चर्चमध्ये पुरली. दफनाला पन्नास वर्षं उशीर झाला होता, आणि झालं तेही युद्धाच्या तोंडावर. १९९२ मध्ये क्रोएट सैन्यानं ते चर्च हाडांसकट उडवून दिलं.

नव्वदच्या युद्धानंतर काहींनी यातून धडा घेतला. बोस्नियाच्या युद्धात २ लाख मेले असं सगळे म्हणत होते. सारायेव्होच्या मिर्साद तोकाचा यांच्या संस्थेनं एकेक मृत्यू नावानिशी नोंदवायला घेतला. आकडा आला ९६,००० च्या आसपास. तोकाचांना त्यांच्याच बोस्नियाक समाजातून शिव्या मिळाल्या, तुम्ही आमचं दुःख कमी केलं म्हणून. त्यांनी एकही नाव कमी केलं नव्हतं. आणि स्रेब्रेनिचा: जुलै १९९५, आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे, जवळजवळ सात हजार जणांची ओळख डीएनएवरून पटलेली, आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी वंशसंहार म्हटलेलं. तरी नाकारणारे आहेत, निवडून येणारे आहेत. २०२१ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीला नाकारणाऱ्यांसाठी शिक्षेचा कायदा लादावा लागला. नावं असली की सगळे मान्य करतात असं मी म्हणत नाही. नाकारणाऱ्याला मग एकेका आईसमोर उभं राहून नाकारावं लागतं, एवढं मात्र होतं.

शेवटी पुन्हा संगमावर. यासेनोवाचपासून जवळच, सावेच्या काठी, उश्तिचा नावाचं गाव आहे. उस्ताशांनी छावणीतल्या रोमा लोकांना तिथे ठेवलं, तिथेच मारलं. २ ऑगस्ट २०२० ला तिथे रोमांचं स्मृतिकेंद्र उघडलं. स्र्बला दोन जमाव येतात, संगमाच्या दोन काठांवर दोन आकडे आहेत, प्रियेदोरला आईबाप दरवर्षी चालतात. उश्तिचाबद्दल इतकी वर्षं फारसा वादच झाला नाही. यादी घरच्या माणसांनी सांगितलेल्या नावांवरून होते, आणि रोमांची अख्खी कुटुंबं, अख्ख्या वस्त्या एकदम गेल्या. १९६४ साली गणना करणारी माणसं दारोदार फिरली, तेव्हा या वस्त्यांत त्यांना ठोठावायला दारच उरलं नव्हतं.